कॅलेंडरच्या जागी

घर रिकामं करायला काढलं की पहिल्या सकाळी माणूस फार शहाणा असतो. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग करायचे आणि कुठल्याही वस्तूला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ द्यायचा नाही, असं दादाने जाहीर केलं होतं. दुपारपर्यंत चौथा ढीग झाला. त्याला कुणी नाव दिलं नाही, पण तो 'नंतर बघू'चा ढीग आहे हे सगळ्यांना कळत होतं. संध्याकाळी तोच सगळ्यांत मोठा होता, आणि दादा स्वतः त्याच्या मधोमध मांडी घालून एका बंद रेडिओचं मागचं झाकण उघडत बसला होता.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई दादाकडे राहायला गेली तेव्हाच खरं तर हे उरकायचं, पण आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं. आता घराला गिऱ्हाईक मिळालं, महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या, म्हणून ही घाई. कपड्यांचं कपाट तासाभरात संपलं. भांड्यांना आईने आम्हाला हातच लावू दिला नाही. तिने खुर्चीत बसून बोट दाखवायचं आणि वहिनीने उचलायचं. पुस्तकं भांडण न होता वाटली गेली, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

माळ्यावरून शेवटी जे खोकं उतरलं त्यात तेवीस व्हिडिओ कॅसेटी निघाल्या.

"ह्या टाकायच्या," दादा म्हणाला. "लावणार कशावर?"

खरंच होतं ते. व्हीसीआर कधीचाच गेला. १९७६ साली जपानमध्ये व्हीएचएसची पहिली मशीन्स विकायला आली आणि २०१६ च्या जुलैत फुनाई ह्या जपानी कंपनीने आपलं उत्पादन थांबवलं, तिथे तो विषय संपला. चाळीस वर्षं. माणसाच्या मानाने अल्पायुषीच म्हणायचं. आणि ह्या तेवीस जणी त्या चाळीस वर्षांतल्या ऐन भरातल्या.

तरी मी त्या एकेक हातात घेतल्या, कारण प्रत्येकीच्या लेबलावर बाबांचं अक्षर होतं. एक नाव लिहिलेलं, ते खोडून दुसरं, ते खोडून तिसरं. कोरी कॅसेट तेव्हा जपून वापरायची वस्तू होती, एकीवर चार-चार संसार व्हायचे. ज्यांनी कॅसेटी हाताळल्यात त्यांना आठवत असेल, लेबल लावतात त्या कडेच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा एक इवलासा टॅब असायचा. पेचकसाच्या टोकाने तो कट्‌कन मोडला की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग घ्यायचं नाही. म्हणजे आतलं आहे ते कायमचं. पुढे पश्चात्ताप झालाच, तर त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा. मशीन फसतं आणि पुन्हा रेकॉर्ड करू लागतं. आमच्या खोक्यातल्या बहुतेक कॅसेटींचे टॅब मोडलेले होते आणि बहुतेकींवर सेलोटेप होती. बाबांचे निर्धार आणि बाबांच्या माघारी, ओळीने लावून ठेवल्यासारख्या.

एकीवर मात्र सेलोटेप नव्हती. खाच उघडी. लेबलावर एकच नाव, न खोडलेलं: 'कागज के फूल'. आणि खाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित, 'पुसू नये'.

"आई, हे बघ," मी म्हटलं. माझा आवाज जरा जड झाला असावा.

आईने चष्मा वर करून बघितलं. "तुझ्यासाठीच लिहिलंय ते. तू त्यावर कार्टून घेतलं असतंस."

गुरुदत्तचा हा सिनेमा मी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत किती वेळा बघितला असेल, देव जाणे. मुलांनी बघावा असा तो मुळीच नाही. एक यशस्वी दिग्दर्शक, त्याचं मोडलेलं लग्न, त्याने घडवलेली नटी, मग दारू, मग उतरण, आणि शेवटी रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शकाच्याच खुर्चीत मरण. आई त्याला सरळ 'रडका सिनेमा' म्हणायची आणि तो लागला की आत निघून जायची. पण मशीनमध्ये लावायला घरात हमखास असणारी कॅसेट तीच. बाकीच्यांचा काही भरवसा नसायचा, कालचा सिनेमा आज पुसलेला असायचा. हा पुसला जात नाही, म्हणून मी तो बघत गेले. प्रेम कशावर बसेल ते असं खूपदा उपलब्धतेवर ठरतं, हे माझं जुनं मत आहे.

आता माझा 'कागज के फूल' कसा होता ते सांगते.

तो टीव्हीवर लागला तेव्हा बाबांनी टेप केलेला होता. सुरुवातीला श्रेयनामावली यायची ती उंच, बारीक, काडीसारख्या अक्षरांत. पडद्यावर जे काही दिसायचं तेही तसंच, दोन्ही बाजूंनी दाबून ताणल्यासारखं. मग नावं संपली की एक हिसका बसायचा आणि सगळं अचानक जाड, जवळ आणि धूसर व्हायचं. मला वाटायचं, सिनेमाची सुरुवात अशीच करतात, नाटकाची तिसरी घंटा असते तसा काहीतरी प्रकार असणार.

मग जाहिराती. बाबा रिमोट हातात धरून, अंगठा पॉजवर ठेवून बसायचे. जाहिरात आली की पॉज, संपली की पॉज काढायचा. पण जाहिराती संपल्यात हे कळायला सिनेमा सुरू झालेला दिसावा लागतो, म्हणून दर वेळी काही क्षण हातचे जायचे. एकदा तर बाबा पाणी प्यायला उठले असणार, कारण तिथे चांगला मोठा तुकडा गायब होता. वहिदा रहमान स्टुडिओत येते, हातात पुरुषाचा कोट, चुकून चालू कॅमेऱ्यासमोर जाते आणि तिथून तिचं नशीब बदलतं. पण कोट आला कुठून? आमच्या प्रतीत ते नव्हतंच. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की तिने तो चोरला असणार आणि आता पश्चात्ताप होऊन परत करायला आलीये. त्यामुळे पुढच्या सगळ्या सिनेमात ती मला जराशी अपराधी वाटायची. तिचं ते खाली बघणं, गप्प होणं, सगळं माझ्या हिशोबात चपखल बसत होतं.

आणि शेवट. दिग्दर्शक खुर्चीत मेलेला सापडतो, निर्मात्याला शूटिंगची घाई, प्रेत हलवा म्हणतो तो. ह्यानंतर पडद्यावर मुंग्या यायच्या, एक काळी रेघ वरून खाली जायची, आणि फाट्‌कन हिरवं मैदान. त्या कॅसेटवर आधी कुठल्यातरी हॉकीच्या सामन्याचा उत्तरार्ध होता आणि सिनेमा संपल्यावर तो तळातून वर यायचा. कॅसेट तीन तासांची, सिनेमा त्याहून लहान, म्हणून जवळपास अडतीस मिनिटं हॉकी. मी तीही बघायचे. निकाल काय लागला ते कधीच कळलं नाही, टेप आधीच संपायची.

ह्या सगळ्यात एक गोष्ट होती, ती मी घरातल्या इतर सवयींसारखी गृहीत धरली होती. मधोमध ते प्रसिद्ध गाणं येतं, गीता दत्तचं, सचिनदेव बर्मनांच्या चालीचं. अंधारा स्टुडिओ, वरून खाली उतरणारा उजेडाचा एक प्रचंड झोत. आमच्या टीव्हीवर त्यातल्या काही दृश्यांत फक्त तो झोतच दिसायचा. माणूस कुणी नाही. कडेला कधी एखादा खांदा, कधी तोही नाही. रिकाम्या खोलीत उजेड आणि मागे कुणीतरी गातंय. अशा वेळी बाबा दोन्ही हात उचलायचे आणि टीव्हीच्या दोन बाजूंच्या भिंतीकडे बोटं करायचे. एका अंगाला कॅलेंडर होतं, दुसऱ्या अंगाला खिडकीचा पडदा.

"तिथे तो उभा आहे," पडद्याकडे बोट. "आणि तिथे ती," कॅलेंडरकडे बोट.

दर वेळी. चुकला नाही एकदाही. मी लहान असताना कॅलेंडरकडे निरखून बघायचे. थोडी मोठी झाल्यावर हसायला लागले. आणखी मोठी झाल्यावर तिकडे लक्षच द्यायचं सोडलं.

त्यानंतर मी तो सिनेमा बघितलाच नाही. मुद्दाम टाळला असं नाही, पण पाठ असलेली गोष्ट कोण वाचायला घेतं? गाणी रेडिओवर कानांवर पडायची, लोक मैफलीत 'कागज के फूल'बद्दल हळवं बोलायचे, तेव्हा मी मान डोलवायचे. मला माहीत होता ना तो. कुणाहीपेक्षा जास्त.

त्या रात्री दादा आणि मी घरातच मुक्काम केला. हॉल रिकामा झाला होता, बोललं की आवाज घुमत होता. सतरंजीवर लॅपटॉप ठेवून आम्ही तो सिनेमा लावला. पूर्ण रुंदीची प्रत होती. स्क्रीनवर वर-खाली काळे पट्टे आणि मधे लांबच लांब चित्र.

नावं आली. रुंद, ऐसपैस अक्षरं. हिसका बसलाच नाही.

सिनेमास्कोपमध्ये भिंग चित्राला आडवं दाबून नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर बसवतं आणि थिएटरातलं भिंग ते पुन्हा ताणून पसरवतं. १९५३ मध्ये हॉलीवूडने ही युक्ती आणली आणि १९५९ चा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. उंची एक तर रुंदी सुमारे सव्वादोनहून जास्त. जुन्या टीव्हीचा पडदा मात्र तीनास चार. त्यात हे चित्र पूर्ण उंचीने भरायचं तर शंभरातले त्रेचाळीस भाग कापावे लागतात. म्हणजे मी बालपणभर निम्म्याहून जरा जास्त सिनेमा बघत होते. नावं कापून चालणार नाहीत म्हणून ती दाबलेलीच ठेवायची, आणि ती संपल्यावर कापणी सुरू. तो हिसका त्या कात्रीचा होता.

"आवाज वेगळा लागतोय ना?" दादाने विचारलं. मलाही ते खटकत होतं, पण मी ते लॅपटॉपच्या स्पीकरवर ढकललं होतं. गीता दत्त जरा खालून गात होती. जरा संथ. दादाने लगेच फोन काढला, त्याला असं काही सापडलं की जेवणखाण सुचत नाही. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांनी चालतो आणि आपल्याकडचा जुना टीव्ही पंचवीसने, म्हणून टीव्हीवर सिनेमे चार टक्के वेगाने पळवत. १४८ मिनिटांचा सिनेमा १४२ मिनिटांत संपे. आणि वेग वाढला की सूरही चढतो, पेटीच्या भाषेत सांगायचं तर पाऊण पट्टी. एवढा फरक ऐकणाऱ्याला कळत नाही, फक्त ज्याने लहानपणी शंभरदा ऐकलंय त्याला कळतो. माझ्या कानात बसलेलं ते गाणं पाऊण पट्टी चढं होतं. आता जे ऐकत होते ते तिने खरोखर गायलेलं, आणि ते मला थोडं दमल्यासारखं, म्हणूनच बहुधा जास्त खरं वाटलं. तरी दोनदा वाटून गेलं, आमचंच बरं होतं.

कोटाचं मात्र मी सरळ हरले. पावसाची रात्र, झाडाखाली ती कुडकुडत उभी, आणि तो स्वतःचा कोट तिला देऊन टाकतो. इतकं साधं. ती तो परत करायला येते. चोरी नाही, काही नाही. इतकी वर्षं मी एका सज्जन बाईवर आळ घेऊन बसले होते. मी हे दादाला सांगितलं तर तो हसून हसून सतरंजीवर आडवा झाला. त्याला म्हणे कायम माहीत होतं. "मग सांगितलं का नाहीस?" तर, "तू विचारलंस कधी?"

जॉनी वॉकरचे प्रवेश आले तेव्हा आम्ही दोघांनी एकदम हात पुढे केला आणि सिनेमा पुढे पळवला. लहानपणी तेवढ्यासाठीच मी बसायचे. आता ते प्रवेश लांबतात, मूळ गोष्टीच्या पायात येतात असं वाटतं. दिग्दर्शकाच्या सासरचं ते श्रीमंत, इंग्रजाळलेलं कुटुंबही फार ढोबळ आहे. हा सिनेमा निर्दोष नाही. लोकांनी तेव्हा तो नाकारला ते सगळंच त्यांच्या अरसिकपणामुळे, असं मला आता म्हणवत नाही. पण त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पुन्हा कधी नाव लावलं नाही आणि १९६४ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो गेला, हे डोक्यात ठेवून बघताना ढोबळ काय आणि सूक्ष्म काय, हिशोब मांडायला मन होत नाही.

मग गाणं आलं.

व्ही. के. मूर्तींनी तो झोत कसा पकडला ते मी पूर्वी वाचलेलं होतं. स्टुडिओच्या दिव्यांनी नव्हे, उन्हाने. बाहेर एक मोठा आरसा, त्यातलं ऊन आतल्या दुसऱ्या आरशावर, आणि तिथून खाली अंधारात. पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायाचित्रकार ठरले. हे सगळं माहीत असूनही उपयोग नव्हता, कारण मी झोतच बघत आले होते. झोत तर आमच्याही टीव्हीवर होता.

ह्या वेळी तो मधोमध होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लांबपर्यंत अंधार. त्या अंधाराच्या एका टोकाला तो. दुसऱ्या टोकाला ती. एकमेकांकडे बघत, जागचे न हलता, मधे एवढी मोठी जागा. मग दोघांच्या देहांतून दोन छाया निघतात आणि उजेडात येऊन भेटतात. देह मात्र जिथल्या तिथे. त्या गाण्यात घडतं ते एवढंच. मधली जागा हाच त्यातला मजकूर आहे, आणि आमच्या प्रतीत नेमकी मधली जागा तेवढी होती, तिला जागा म्हणावं अशी दोन टोकं नव्हती.

मी स्पेसबार दाबला. दादाही काही बोलला नाही. समोर हॉलची भिंत होती. टीव्ही वर्षानुवर्षं होता तिथे मागच्या रंगावर एक करडा चौकोन उमटलेला, आणि त्याच्या बाजूला फिकट, उभा आयत, कॅलेंडरचा. वर खिळा तसाच.

दादा उठला. लॅपटॉपच्या पिशवीतून त्याने मोजपट्टी काढली. घर विकताना ती सतत जवळ बाळगत होता. "एकवीस इंची होता ना आपला? म्हणजे उंची बत्तीस सेंटिमीटर, रुंदी त्रेचाळीसच्या आसपास," तो भिंतीशी पुटपुटत होता. "सिनेमास्कोप बत्तीसच्या उंचीला पंचाहत्तर पाहिजे. म्हणजे दोन्हीकडे सोळा-सोळा कमी." त्याने करड्या चौकोनाच्या मधोमध खूण धरली, एकवीस इंचाच्या काचेची कड कुठे येत असेल तिथे बोट ठेवलं, आणि तिथून बाहेर सोळा सेंटिमीटर मोजले. पट्टीचं टोक फिकट आयताच्या आत, चांगलं दोन बोटं आत जाऊन थांबलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. गणित सुटल्यावर म्हणतो तसं.

मला त्या क्षणी बाबांचं बोट आठवलं नाही, त्यांचा आवाज आठवला. सांगण्याचा स्वर. 'तिथे ती.' त्यात हळहळ नव्हती, की पोरांना शिकवायचा आव नव्हता. वाट चुकलेल्याला 'तिसऱ्या गल्लीत वळा' सांगावं, इतकं कोरडं. त्यांनी हा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघितलेला होता, आणि घरी त्रेचाळीस सेंटिमीटरमध्ये तो बघताना ते उरलेला भाग रोजच्या रोज भिंतीवर मांडून घेत होते. आम्ही तिघं एकाच खोलीत एकाच वेळी बसायचो, पण त्यांचा सिनेमा आमच्यापेक्षा रुंद होता.

दुसऱ्या दिवशी आईला हे सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसून बरण्यांना बोट दाखवत होती.

"दोनदा बघितला होता म्हणायचे थेटरात," ती म्हणाली. "पहिल्यांदा तर वीस माणसं नव्हती म्हणे."

"तू होतीस का बरोबर?"

"मी कशाला असेन. लग्नाआधीची गोष्ट." मग थोडं थांबून, "कुणाबरोबर ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतं काही काही," आणि वहिनीला म्हणाली, "ती नको, ती झाकणाची दे."

कॅसेट मी ठेवली. बाकीच्या बावीसही दादाच्या नकळत ठेवल्या, पण ते वेगळं. कॅसेटींचं डिजिटल करून देणारा एक मुलगा ओळखीतून सापडला. वयाने माझ्या भाच्याएवढा, म्हणजे व्हीसीआर घराघरांतून गेल्यावर जन्मलेला. त्याने कॅसेट उजेडासमोर धरली, खिडकीतून आतल्या गुंडाळीकडे बघितलं आणि मान हलवली. टेपच्या कडांवर पांढरी बुरशी धरली होती, पिठाचा हात लागल्यासारखी. ती तशीच लावली तर मशीनच्या हेडला चिकटेल आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल, म्हणाला. त्याने बाजूचं बारीक बटण दाबून पुढचं झाकण उचललं. अर्धा इंच रुंदीची तपकिरी, चकचकीत फीत. अशी अडीचशे मीटर फीत असते एकीत. आधी ती पुसायची, मग संथपणे एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळायची, आणि मगच लावायची. तीही बहुधा एकदाच धड चालेल.

"सिनेमा कुठला आहे?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो थोडा घुटमळला. मग जपून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "ह्याची चांगली प्रत मिळते, मॅडम. पूर्ण रुंदीची. ही टीव्हीवरची आहे, कडा कापलेल्या असणार. एवढा खटाटोप..."

"माहितीये," मी म्हटलं.

त्याने वहीत लिहून घेतलं. लाल शाईतल्या 'पुसू नये'कडे बघून हसला, खाचेवरून अंगठा फिरवला, टॅब मोडलेला आहे ह्याची खात्री करून घेतली.

"सिनेमा संपला की थांबवू ना? नंतर बहुतेक दुसरंच काहीतरी असेल."

"हॉकी आहे," मी म्हटलं. "तीही घ्या. टेप संपेपर्यंत."